भावाचं पुस्तक

आमच्या टेंभुर्णीच्या घराला एकच खिडकी होती आणि त्या उन्हाळ्यात ती उघडायला मनाई होती. खिडकीसमोर मार्केट यार्डाचं मैदान. तिथं पोती आपटली की उडणारी धूळ आत येते आणि डब्यातल्या चित्रांवर बसते, असं आबांचं म्हणणं. आबा म्हणजे माझे वडील. ते त्याच यार्डात मापाडी होते. तुरीची, ज्वारीची पोती काट्यावर चढवून घ्यायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. त्या धुळीतच त्यांचं आयुष्य गेलं होतं. घरी येत तेव्हा भुवयांवर तिचा थर असे, पण घरात मात्र ती त्यांना अचानक चालेनाशी झाली. वर तापलेले पत्रे, खाली सारवलेली जमीन आणि मध्ये मी. बारावी झालेल्या मुलीला आमच्याकडं 'घरी बसली' म्हणतात. मी ते अक्षरशः करत होते. खिडकीच्या फटीतून जीपवाल्यांची 'जाफराबाद, जाफराबाद, जाफराबाद' अशी हाळी ऐकू यायची. जाफराबाद काही दूरदेश नव्हे. पण त्या दिवसांत कुणी मला नुसतं नेऊन तिथल्या स्टँडवर उभं केलं असतं आणि परत आणलं असतं, तरी मी खूश झाले असते.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो डबा बिस्किटांचा होता. आबांचा धाकटा भाऊ, माझा काका, आखातात एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबाच्या घरी स्वयंपाकाला होता. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं सामान वाटून टाकलं. कुणाला पंखा मिळाला, कुणाला गालिचा, काकाच्या वाट्याला हा डबा आणि एक पुस्तक आलं. काकानं दोन्ही वस्तू गावाकडं येणाऱ्या एका गवंड्याबरोबर पाठवून दिल्या. डब्यात पत्ते होते, पण खेळायचे नव्हेत. विलायतेत फार पूर्वी सिगारेटच्या पाकिटातून एकेक जाड कागदाचं रंगीत चित्र निघायचं, त्यातली ही क्रिकेट खेळणाऱ्यांची चित्रं. एकेक साहेब मिशा पिळून, कोट घालून उभा. गालांवर लाली रंगवलेली, आणि मागं बारीक अक्षरांत त्याचा पराक्रम. मायनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यांचे गाल कामून रंगवले? नाटकातले हायेत का?" आणि भाकरी थापायला निघून गेली. डब्याविषयी तिचं मत शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

घराची दशा केली ती पुस्तकानं. कुठल्या संचातल्या चित्राची किंमत किती, सुट्याला किती, पूर्ण संचाला किती, हे त्यात पानोपानी छापलेलं होतं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. डब्यातलं एकेक चित्र काढायचं, पुस्तकात त्याचं घराणं शोधायचं आणि पौंडातला आकडा आबांना वाचून दाखवायचा, असं माझं काम सुरू झालं. पोस्टातल्या बाबूंना विचारून आबांनी पौंडाचे रुपये केले. मग डबा धुतलेल्या फडक्यात बांधून त्यांनी वरच्या फळीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवला. पुस्तकाला ते भावाचं पुस्तक म्हणू लागले. बाजारभावाचं म्हणून भावाचं, आणि त्यांच्या भावानं धाडलेलं म्हणूनही भावाचंच. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना नेमका कुठला अर्थ चालू आहे हे मला कधीच सांगता आलं नसतं, आणि त्यांनाही आलं असतं असं वाटत नाही.

आबा भोळे नव्हते, हे इथं सांगायलाच हवं. यार्डात त्यांना फसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. पण त्यांच्या कामामुळंच त्यांना छापील आकड्यावर भरवसा ठेवायची सवय लागली होती. पेपरात रोज आदल्या दिवसाचे बाजारभाव येत: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. ते आकडे आबांनी स्वतःच्या कानांनी हर्राशीत, म्हणजे लिलावात, ऐकलेले असत. छापलेला आकडा म्हणजे काल कुणीतरी पोत्यांपाशी उभं राहून बोललेला आकडा, आणि त्या आकड्याला माल गेलेला. यार्डात आलेलं पोतं कुठल्या ना कुठल्या बोलीला जातंच, परत घरी येत नाही. तेव्हा विलायतेच्या पुस्तकात छापलंय, म्हणजे विलायतेच्या यार्डात त्या भावाला माल गेलेला असणारच. चूक म्हणावी तर ती हीच, आणि ती मापाडीच करू जाणे.

मग राखण सुरू झाली. पुस्तकात असं लिहिलं होतं की चित्राचे कोपरे मोडलेले नसावेत, डाग नसावा, रंग उडालेला नसावा; नाहीतर किंमत पार खाली येते. हे मी वाचून दाखवायला नको होतं. खिडकी बंद झाली. चूल अंगणात गेली, कारण धुरानं रंग पिवळा पडेल. येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायचं तर मायला शेजारणीच्या ओसरीवर जावं लागे. तिथून ती रागानं वाटेल तेवढा आवाज काढत उलथनं आपटायची आणि मला तो घरात ऐकू यायचा. ठेचा बाहेर, फोडणी बाहेर. घरात येईपर्यंत आमटी निवून जाई. पाहुण्यांना ओसरीवरूनच निरोप. आणि घर म्हणून रिकामं सोडायचं नाही. माय शेतमजुरीला जायची, आबा यार्डात, मग घरात कोण? मी. पाणी भरायला गेले तरी आबा यार्डाच्या फाटकाशी उभे राहून वाट बघत. मैत्रिणी आधी यायच्या, मग यायच्या थांबल्या. अंधाऱ्या घरात बसून मी त्या मिशाळ साहेबांना उलटं-सुलटं करत असे, आणि खोटं कशाला बोलू, त्यांतल्या एकेकाला मी मनातल्या मनात शिव्याही दिल्या आहेत.

तशातच औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातून नर्सिंगच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. राहायची सोय होती, वर महिन्याला विद्यावेतन मिळणार होतं, म्हणजे खर्चाची सबब नव्हती. महिनाअखेरीपर्यंत हजर व्हायचं होतं. माय तर लगेच माझ्या दोन साड्या धुवायला बसली. आबांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला.

"जाशील की," ते म्हणाले. "आधी डब्ब्याचं काही होऊ दे. तू गेल्यावर राखण कोण करन?"

"डब्बा काय पळून जातो का?" माय म्हणाली. "कुलूप घाला आन् जाऊ द्या पोरीला."

"कुलपानं धूळ थांबती का? एक बोट लागलं तं भाव अर्धा होतो. तिलाच इचार. तिनंच वाचून दावलं."

मला हसूही आलं आणि रडूही. माझ्याच इंग्रजीनं मला कोंडलं होतं.

मग रशीदचाचांनी खटपट केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकलींचं दुकान होतं. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लागली की ते पंक्चर काढायचं थांबवायचे, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. औरंगाबादला जुनी नाणी-तिकिटं विकणारा एक दुकानदार त्यांच्या ओळखीचा होता. तो एसटीनं आला, हातपाय धुऊन बसला, आणि डबा उघडल्यावर खिशातून भिंग काढून एकेक चित्र बघत गेला. आबा त्याच्या बोटांकडं बघत होते. शेवटी त्यानं सगळ्या डब्याचा मिळून एक आकडा सांगितला. तो ऐकून मायनं दारातून आत बघितलं, इतका तो लहान होता.

आबांनी पुस्तक त्याच्यापुढं उघडं ठेवलं. "हे वाचा. छापील हाये."

"वाचलंय मी," तो म्हणाला. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. "माझ्याकडंही आहे हे. पण हा भाव दुकानदारानं गिऱ्हाइकाला सांगायचा आहे, काका. तोही कोऱ्या मालाला, पूर्ण संचाला. तुमच्याकडं एकही संच पूर्ण नाही. वर हे पुस्तक जुनं. मी घेतलं तर विकायला मला वर्षं लागतील. इकडं घेणारं कोण आहे?"

"घेणारं न्हाई तं भाव कसा छापला?"

"छापणाऱ्याचं स्वतःचंच दुकान आहे ना."

आबांनी त्याला चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडून आले, आणि परतल्यावर मला म्हणाले, "आजपास्नं डब्बा हलवायचा न्हाई. असले लोक नजर ठिवून राह्यतेत." राखण आणखी कडक झाली. ओसरीवर बसणंही बंद.

आता माझा नातू असलीच क्रिकेटची कार्डं जमवतो. नव्या काळातली, चकाकणारी, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. फोनवर त्याचं किमतींचं अॅप आहे. रोज सकाळी दात घासायच्या आधी बघतो. परवा नाचतच आला, "आजी, हे बघ, माझ्या कार्डाची किंमत एवढी झाली!" मी विचारलं, एवढ्याला कुणी घेतलं की कुणी एवढे मागितले? त्यानं बघून सांगितलं की मागितलेत. मग म्हटलं, विकलेल्यांचा भाव कुठं दिसतो तो काढ, आणि गेल्या महिन्यात असली किती कार्डं गेली तेही बघ. तोंड एवढंसं झालं त्याचं. त्याची आई मला म्हणाली, पोराचा आनंद घालवलात. असेल. पण मागितलेल्या भावावर भरवसा ठेवणाऱ्या घरात मी एक उन्हाळा काढलाय, तिनं नाही.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, हजर व्हायची मुदत अगदी जवळ आली असताना, आष्टीला आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. माय म्हणाली, सगळे जाऊ. आबा म्हणाले, पोरगी राखणीला राहील. मुक्कामाचं नव्हे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. निघताना त्यांनी बाहेरून कुलूप घातलं. घरात कुणी नाही असं दिसलं म्हणजे कुणी दार वाजवणार नाही, असा त्यामागचा विचार. माय कुलपापाशी काहीतरी पुटपुटली, मग तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. सुरुवातीला मी भांडी घासली, मग पडून राहिले. दुपारी पत्रे कडकड वाजू लागले आणि मला एकाएकी भीती वाटली, की मी आत आहे हे गावात कुणालाच माहीत नाही. मी दारावर थापा मारल्या नाहीत. एखादा आला असता तर काय सांगणार होते, की माझ्या वडिलांनी मला मेलेल्या इंग्रजांच्या चित्रांपाशी कोंडून ठेवलंय? नुसता घाम पुसत बसले आणि हातात येईल ते वाचत सुटले. पीठ-मिठाच्या डब्यांच्या फळीवर पेपर अंथरलेला होता, तो वाचला. बाजारभावाचं पान होतं. ज्वारी, तूर, मूग. पुढं आवक, मग तिन्ही भाव. करडईच्या ओळीत मात्र आवकेच्या जागी आडवी रेघ, आणि भावांच्या जागीही रेघाच.

ते पान मी लहानपणापासून बघत आले होते. आबाच शिकवायचे, की आवक नाही तर भाव नाही. मालच आला नाही तर बोली कशावर लागणार? मी उठून फळीवरचं पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच त्याची प्रस्तावना वाचली. प्रस्तावना कोण वाचतं! आमचा सगळा जीव आकड्यांत अडकलेला. तिथं सरळ लिहिलं होतं की या किमती आमच्या दुकानात ही चित्रं ज्या दरानं मिळतील त्या आहेत. कुणी काय देऊन घेतलं याचा एक शब्द नाही. किती विकली, याचा रकाना पुस्तकभर कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदचाचा लग्नाची खुशाली विचारायला आले आणि चहाला बसले. मी ते पेपरचं पान आणि पुस्तक दोन्ही आबांच्या पुढं ठेवलं.

"आबा, करडईला भाव कामून न्हाई?"

"आवक न्हाई म्हणून."

"मंग ह्या पुस्तकात आवक कुठंय?"

आबांनी पुस्तकाकडं बघितलं. पानं उलटली, इंग्रजी येत नसूनही उलटली, रकाने मोजल्यासारखे. चाचांनी बशी खाली ठेवली.

"बराबर बोली पोरगी," ते म्हणाले. "माल यार्डात न्यायचा, बोली लावायची, मंग भाव. घरात बसून काय भाव निघतो? तुम्हीच सांगता ना आम्हाला."

"विलायतेचा माल हाये तो," आबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"तं मांडा ना बाजारात. आज बाजार हायेच. पाह्यू दे टेंभुर्णीला विलायत."

चाचा गमतीनंच म्हणाले असावेत. पण मापाड्याला 'माल आण आणि बोली लाव' म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. आबांनी टोपी घातली. डबा मी उचलला, कारण बोट लावायची परवानगी मला एकटीलाच होती.

मिरच्यांचे ढीग आणि बांगड्यावाली यांच्या मधोमध आम्ही पोतं अंथरलं आणि त्यावर ते साहेब ओळीनं मांडले. लोक जमले, आणि जमलेल्यांनी आमची यथेच्छ करमणूक केली. "मापाडीबुवा, जादूचे पत्ते हायेत का?" "ह्यात आपला एकबी न्हाई का वो?" एका आजीबाईनं विचारलं की हे कुणाचे गुरू. आबा उभे राहिले, घसा खाकरला आणि यार्डात पुकारायचे त्याच आवाजात म्हणाले, "बोला!" मिरचीवालीनं मान वर केली, गर्दी हसली, आणि कुणी बोललं नाही. आबा पुन्हा म्हणाले, "बोला." इतक्या वर्षांत त्यांनी हाक घातली आणि बोली आली नाही, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं की डबा उचलून घरी पळावं, खिडकी लावावी आणि आयुष्यभर आत बसावं.

मग चाचा पुढं आले. वाकून त्यांनी एक चित्र उचललं: एक जाडजूड साहेब बॅट खांद्यावर घेऊन हसतोय. "कॉमेंट्री ऐकताना मला बॅट्समन बिलकुल असाच दिसतो," ते म्हणाले. खिशात हात घालून त्यांनी आठ आणे काढले आणि आबांपुढं धरले. "घ्या. बोहनी."

आठ आणे! पुस्तकात त्या साहेबाचा आकडा काय होता ते मला पाठ होतं. औरंगाबादच्या माणसाला आबांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. पण बोहनीला परत पाठवता येत नाही. बाजारात बसलेल्या माणसानं पहिलं गिऱ्हाईक परतवलं तर त्या दिवसाचा धंदा बुडाला, हे मिरचीवालीलाही ठाऊक आणि बांगड्यावालीलाही. दोघी आबांच्या हाताकडं बघत होत्या. आबांनी नाणं घेतलं, कपाळाला लावलं आणि खिशात टाकलं. भाव निघाला. त्यानंतर बाजार मोडेपर्यंत कुणी काही घेतलं नाही.

परत येताना डबा आबांच्या काखेत होता. बोटं लागतायत, कोपरे मोडतायत, याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मी मागून चालत होते आणि मनात एकच चाललं होतं, की आता तरी हे मला सोडतील का. यार्डाच्या फाटकापाशी ते थांबले.

"त्या औरंगाबादवाल्यानं सांगितलं, तव्हाच कळलं होतं मला," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "घ्यायचा भाव आन् विकायचा भाव मला मापाड्याला शिकवायला लागतो का."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा रागानं ओरडलेच. "मंग मला कामून कोंडलं, आबा? कुलूप घातलं तुम्ही काल माह्यावर!"

"डब्बा नसता तं काय सांगून ठिवलं असतं तुला घरात?" ते म्हणाले. "भाऊ म्हणला जातो, मी म्हणलो जा. गेलेलं माणूस येत न्हाई, बाई. त्याचा डब्बा येतो."

फाटकातून हमाल रिकामी पोती झटकत बाहेर पडत होते. त्यांनी आबांना जयभीम घातला, आबांनी हात वर केला. मी रडत होते आणि त्यांच्यासमोर रडायची लाजही वाटत होती.

"तसं होतं तं सरळ म्हणायचं," मी म्हटलं. "पोरी थांब, येवढंच म्हणायचं होतं."

आबांनी डबा या काखेतून त्या काखेत घेतला.

"म्हणलो असतो," ते म्हणाले, "तं तू थांबली असती."

सकाळच्या गाडीनं मी औरंगाबादला गेले.